छेद कोणी बदलला?

‘गिरणगाव : बदल कसा समजून घ्यायचा?’ असा विषय वाचून मी त्या वाचनगटात गेले. अपेक्षा साधी होती. जुने फोटो बघायचे, भोंग्याच्या आठवणी ऐकायच्या, एखादं शाहिरी गाणं आणि शेवटी चहा. चहा मिळाला. बाकी हातात पडली ती माक्स होर्कहायमर नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाच्या १९३७ सालच्या निबंधाची झेरॉक्स.

मी हिशेबनीस आहे. एका सीएच्या ऑफिसात घसारा, टीडीएस आणि वर्षअखेरीची बोंबाबोंब यांत माझं आयुष्य चाललंय. वाक्याला कर्ता असावा, क्रियापद असावं आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळाव्यात, एवढंच मी जगाकडून मागते. त्या निबंधातलं एक वाक्य पान ओलांडून पुढे गेलं तेव्हा कर्ता शोधायला मी पुन्हा मागे आले, तर तिथे दोन कर्ते सापडले. भोवती निवृत्त प्राध्यापक, पीएच.डी. करणारी मुलं, एक नाटकवाला, बीडीडी चाळीत वाढलेले आणि पोस्टात नोकरी केलेले एक गृहस्थ. सगळे माना डोलवत होते. मीही डोलवली. घरी येताना लोकलमध्ये स्वतःला विचारलं, की गिरणगावातल्या लालबागमध्ये मी जन्मले, माझा बाप गिरणीत राबला, आणि लालबाग समजून घ्यायला मला जर्मनी कशाला हवी?

पुढच्या खेपेला हाच प्रश्न मी मोठ्याने विचारला. गट चालवणारे सर रागावले नाहीत. म्हणाले, “ताई, निबंध राहू दे. ही माणसं कशामुळे अस्वस्थ होती ते आधी ऐका.”

ती हकीकत मला निबंधापेक्षा लवकर कळली. १९२३ मध्ये फ्रँकफुर्टला सामाजिक संशोधनाची एक संस्था निघाली. पैसा आला एका श्रीमंत धान्यव्यापाऱ्याच्या मुलाकडून, आणि अभ्यासाचा विषय होता भांडवलशाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत कामगारांच्या संघटना मोठ्या होत्या, पक्ष मोठे होते. पुस्तकाप्रमाणे चाललं असतं तर तिथे क्रांती व्हायला हवी होती. आला हिटलर. त्याच्या आधीच, १९२९ च्या सुमारास, या संस्थेतल्या एरिक फ्रॉम यांनी जर्मन कामगारांना आणि कारकुनांना लांबलचक प्रश्नावल्या दिल्या होत्या. राजकारणावर डावी उत्तरं देणारी बरीच माणसं घर, बायको, मुलांना द्यायचा मार अशा प्रश्नांवर मात्र हुकूमशहाला शोभतील अशी उत्तरं देत होती. १९३३ मध्ये नाझींनी संस्था बंद केली आणि ही मंडळी जिनिव्हामार्गे न्यूयॉर्कला गेली. ज्या व्यवस्थेत आपलं नुकसान होतं तीच माणसाला योग्य, निदान अटळ का वाटते, हा त्यांचा प्रश्न होता. होर्कहायमरच्या त्या अवघड निबंधाचा गाभाही तिथेच आहे. नेहमीचा सिद्धान्त जग जसं आहे तसं मोजतो. चिकित्सक सिद्धान्त, म्हणजेच क्रिटिकल थिअरी, मोजणारा कुठे उभा आहे, मोजपट्टी कोणी दिली आणि हे जग वेगळं असू शकलं असतं का, हेही विचारतो.

हे ऐकताना मला अप्पा, माझे वडील, आठवले.

अप्पा साताऱ्याकडचे. बदली कामगार म्हणून लागले, मग साच्यावर कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरून गेला. अप्पा काही दिवस गावी राहिले, मग परत येऊन एका सोसायटीत वॉचमन झाले. आजही संपाचा विषय निघाला की एवढंच म्हणतात, “आमचंच चुकलं गं. लई ताणलं.” आमच्या चाळीत, नातेवाइकांत, टॅक्सीत, सगळीकडे हीच गोष्ट ऐकत मी वाढले : संप झाला, म्हणून गिरण्या बुडाल्या. ज्यांचं सर्वस्व गेलं तेच ती सर्वांत ठामपणे सांगतात.

इथे मला ग्राम्शी भेटला. गटात ज्याचं नाव सगळ्यांत जास्त वेळा घेतलं जायचं आणि मला सगळ्यांत उशिरा कळलं, तो हा. अंतोनिओ ग्राम्शी इटलीतल्या सार्डिनिया बेटावरचा, कम्युनिस्ट पक्षाचा नेता. मुसोलिनीच्या राजवटीत १९२६ मध्ये त्याला अटक झाली. तुरुंगात त्याने वह्यांमागून वह्या लिहिल्या आणि १९३७ मध्ये तो गेला. सत्ता नुसत्या लाठीवर टिकत नाही, ती संमतीवरही टिकते, असं त्याचं म्हणणं. शाळा, वर्तमानपत्रं, देऊळ, घर यांतून लोकांची एक सर्वसाधारण समज तयार होते आणि त्या समजुतीत वरच्यांचे हितसंबंध ‘हे असंच असतं’ या रूपात मुरलेले असतात. मात्र ही समज म्हणजे निव्वळ भूलथाप, असं तो म्हणत नाही. तिच्यात अनुभवाचा खरा दाणाही असतो. तो पाखडून काढायचा असतो.

मग आम्ही पाखडायला बसलो. अप्पांच्या वाक्यात खरं काय? संप लांबला, तडजोडीची वाट सापडली नाही, घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली, हे खरं. त्यांच्या वाक्यात नसलेलं काय? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग संपाच्या कितीतरी आधीपासून गिरण्यांचं कापड खाऊ लागले होते. अनेक मालकांनी जुन्या यंत्रांवर नवा पैसा घालणं टाळलं होतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात बोलणी करण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिलेला होता, म्हणून सामंतांच्या मागे लाखो माणसं असूनही कायद्याच्या टेबलावर त्यांना खुर्ची नव्हती. हा कायदा बदला, ही संपाची एक मुख्य मागणीच होती. आणि कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग होत चालली होती. हे सगळं छापील आहे, काहीच गुप्त नाही. तरी आमच्या चाळीच्या गॅलरीत त्यातलं काहीच कधी बोललं गेलं नाही. एवढी मोठी गोष्ट ‘आम्ही ताणलं’ या दोन शब्दांत मावली कशी, हे मला ग्राम्शीपाशी पहिल्यांदा उमगलं.

जमिनीचा विषय निघाला आणि गटात पहिल्यांदाच मला इतरांपेक्षा जास्त कळलं. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. ढोबळमानाने तो असा : बंद पडलेल्या किंवा आधुनिकीकरण करणाऱ्या गिरणीची जमीन विकासाला काढताना तिचे तीन वाटे करायचे. एक पालिकेला, मोकळ्या सार्वजनिक जागांसाठी. एक म्हाडाला, सार्वजनिक घरांसाठी. एक मालकाला. शहरातल्या गिरण्यांची एकूण जमीन सुमारे ६०० एकर. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटे तीनच राहिले, पण ते गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचेच करायचे ठरले. शेड पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून बाहेर गेली. गिरणी म्हणजे बहुतेक शेडच. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मोकळ्या जागांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली.

पीएच.डी.वाली मुलं यावर ‘नवउदारमतवादी अवकाश’ असं काहीतरी म्हणत होती. मी म्हटलं, “अरे, एवढं अवघड काही नाही. अपूर्णांक तोच ठेवला, एक-तृतीयांश. तो कशाचा एक-तृतीयांश, ते बदललं. आमच्या धंद्यात असा ताळेबंद आला तर आम्ही पहिली टाचणी तिथेच लावतो.” खोली क्षणभर गप्प झाली. मग सर म्हणाले, “ताई, तुम्ही आत्ता जे केलंत ना, त्यालाच चिकित्सा म्हणतात.” त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंदाने नाही, संतापाने. मी लालबागमध्ये राहत होते, हिशेबाचं शिक्षण घेतलेलं होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत केलेली ही आकडेमोड मी कधी तपासली नव्हती. ‘काळ बदलला’ म्हणून सोडून दिली होती. नियम क्रमांक ५८ हा काही काळ नव्हे. त्याला तारीख आहे आणि सही आहे.

यापुढे सगळं सोपं झालं असं वाटत असेल, तर पुढचा पाहुणा अडोर्नो होता. टेओडोर अडोर्नो आणि होर्कहायमर यांनी अमेरिकेत निर्वासित असताना एक पुस्तक लिहिलं. १९४४ मध्ये ते चक्रमुद्रित प्रतींत निघालं, १९४७ मध्ये छापून आलं. त्यातलं एक प्रकरण ‘संस्कृती-उद्योगा’वर आहे. सिनेमा, रेडिओ, मासिकं हे सगळं कारखान्यासारखं चालतं. वरवरचा फरक ठेवून एकच माल पुन्हा पुन्हा दिला जातो आणि दमलेल्या माणसाला उद्या पुन्हा कामावर जाण्यापुरतं ताजं केलं जातं, असा त्यांचा आरोप. हे वाचून आधी मी चिडले. या माणसाला जॅझ आवडत नाही, सिनेमा आवडत नाही. आमच्या गणपतीत बेंजोवर नाचणारी पोरं त्याने पाहिली असती तर काय म्हणाला असता, ते सांगायला नकोच.

पण मग मी त्याच्या नजरेने एकदा आमच्या भागात हिंडले. जिथे कापड निघायचं तिथे मॉल आहे आणि गिरणीची चिमणी शोभेसाठी राखून तिच्यावर दिवे सोडलेत. धूर सोडणारी ती चिमणी आता सेल्फीची जागा आहे. दहा दिवसांच्या उत्सवात मंडपाच्या वाटेवर देवापेक्षा जाहिरातींच्या कमानी जास्त भेटतात. अप्पांची पाळी, घाम आणि संप यांतलं काहीही त्या चिमणीत उरलेलं नाही, तरी ‘वारसा जपला’ असं समाधान मात्र मिळतं. अडोर्नोला हे बरोबर दिसलं असतं.

त्याला जे दिसलं नसतं ते नाटकवाल्याने दाखवलं. याच गिरणगावात १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचा बाज तोच ठेवून त्यात त्यांनी सावकार, मालक आणि मोर्चा आणला. चाळीचाळींत भजनी मंडळं होती, कोकणातून आलेलं नमन होतं, गावकरी मंडळांच्या गाळ्यांत शाहिरी रंगायची. पुढे संपानंतरच्या एका घराची तडफड जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटकात मांडली. ही संस्कृती वरून आलेला माल नव्हती, राबणाऱ्यांनी स्वतः रचली होती. तेव्हापासून एक सवय लागली : सिद्धान्त वाचताना त्याला काय दिसतं हे टिपायचं आणि लगेच खाली रेघ मारून त्याला काय दिसत नाही तेही.

युर्गेन हाबरमासच्या बाबतीत ती सवय लगेच कामी आली. १९६२ च्या त्याच्या पुस्तकात युरोपातली अठराव्या शतकातली कॉफीगृहं आहेत. माणसं तिथे जमायची, वर्तमानपत्रं वाचायची, राज्यकारभारावर वाद घालायची आणि त्यातून ‘सार्वजनिक क्षेत्र’ घडलं, असं तो सांगतो. मी मनात म्हटलं, आमच्याकडे हे खाणावळीत व्हायचं. गावाहून एकटे आलेले पुरुष महिन्याच्या बोलीवर खाणावळीत जेवायचे आणि पंगतीतच युनियनच्या गप्पा रंगायच्या. मग गटातल्या एका मुलीने नॅन्सी फ्रेझर या अमेरिकन विदुषीचा १९९० चा निबंध काढला. त्यातला सवाल असा, की या खुल्या चर्चेत कोणाला जागाच नव्हती?

माझी आत्या खाणावळ चालवायची. पंगतीत राजकारण शिजत असताना ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. पगाराला उशीर झाला की उधारी तिच्या वहीत चढायची. म्हणजे संपाचा पहिला सावकार गिरणगावातली ही बाई होती, पण संपाच्या इतिहासात तिचं नाव शोधावं लागतं. याच बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं, बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. गिरणीतल्या बायकांचीही तीच कथा. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. बायकांना रात्रपाळीची बंदी होती, पुढे १९२९ चा प्रसूतिलाभ कायदा आला, नवी यंत्रं आली. प्रत्येक वेळी बाईला ठेवणं मालकाला महाग वाटलं आणि ती कमी होत गेली. संपाच्या फोटोंत पुरुषांचाच समुद्र दिसतो, त्यामागे ही जुनी वजाबाकी आहे.

एवढं होईपर्यंत पोस्टातले काका फारसे बोलले नव्हते. एका शनिवारी ते म्हणाले, “सगळं ठीक आहे. पण तुमच्या या चर्चेत गिरणी आहे, मालक आहे, मजूर आहे. जात कुठाय?” आणि त्यांनी १९२८ चा संप काढला.

विणाई खात्यात पगार जास्त. तिथे धोट्यातून धागा काढायला तोंडाने ओढून घ्यावा लागे. दुसऱ्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला लागणार, म्हणून स्पृश्य कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. दलित कामगार कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यांत अडकून राहायचे. १९२८ च्या सार्वत्रिक संपात मागण्यांची यादी घेऊन पुढारी उभे होते तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विचारलं, की विणाई खातं अस्पृश्यांना खुलं करा, ही मागणी या यादीत का नाही? ज्या परळात हे चाललं होतं तिथल्याच बीआयटी चाळीत ते वर्षानुवर्षं राहिले होते. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’वरच्या भाषणात त्यांनी मांडलं, की जातीने नुसती कामं वाटली नाहीत, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडून वरखाली रचली. लाहोरच्या ज्या मंडळाने भाषणाला बोलावलं त्याने मजकूर पाहून परिषदच रद्द केली, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापलं. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संपही केला. फ्रँकफुर्टची मंडळी परदेशात बसून कामगार एक का होत नाहीत याचा विचार करत होती, त्याच वर्षांत मुंबईत एक माणूस त्याच प्रश्नाचं दुसरं उत्तर देत होता. त्या उत्तराची आमच्या गटात कोणी झेरॉक्स काढली नव्हती.

मी गप्प बसले होते, कारण माझे आजोबा विणाई खात्यात होते. “गिरणीत जातपात नसते, साचा सगळ्यांना सारखा,” हे त्यांचं वाक्य आमच्या घरात अभिमानाने सांगितलं जातं. मी अप्पांना विचारलं, “अप्पा, आजोबांच्या वेळी साच्यावर कोण कोण असायचं?” अप्पांनी नावं घेतली. बराच वेळ घेतली. मग थांबले आणि म्हणाले, “आपलेच समदे.” त्यांनी पुढे काही स्पष्टीकरण दिलं नाही, मीही मागितलं नाही. पण आजोबांचं ते वाक्य आमच्या घरात त्यानंतर कोणी म्हणत नाही.

आता मी गटात नवखी नाही म्हणावं, तर अजूनही निम्मं डोक्यावरून जातं. अडोर्नोचं एक पुस्तक उशाशी आहे ते बहुतेक तिथेच राहील. अवघड लिहिणं हे खोल विचाराचं प्रमाणपत्र आहे, असं मला अजिबात वाटत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं ते शेतकऱ्यालाही समजेल अशा बोलीत, आणि अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण करून जगाकडे खिडकीही उघडली. त्यांच्याच सत्यशोधक परंपरेतल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. आमच्याकडे विचार आणि संघटना यांत फार अंतर नव्हतं. ते वाढलं असेल तर दोष वाचकाचा नाही.

सिद्धान्ताने गिरणी परत येत नाही, घरही मिळत नाही. दीड लाखांहून अधिक गिरणी कामगारांनी आणि वारसांनी घरासाठी अर्ज केलेत, त्यातल्या थोड्यांनाच चावी मिळाली आहे. ग्राम्शी वाचून ती संख्या हलणार नाही. मला मिळालं ते एवढंच : जे आपोआप झालं असं वाटतं, त्याच्यामागची तारीख, नियम, लाभार्थी आणि वगळलेला माणूस शोधायची सवय. माझ्या मते एवढ्यासाठी डोकेदुखी सोसायला हरकत नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर होर्कहायमरपासून करू नका. आपल्या गल्लीतली एक बदललेली गोष्ट घ्या. बंद पडलेली मराठी शाळा असेल, लग्नातली नवी हळद असेल, शेत जाऊन उभी राहिलेली टाउनशिप असेल. ती कोणत्या निर्णयाने बदलली, कोणाच्या खिशात भर पडली आणि त्या निर्णयाच्या वेळी खोलीत कोण नव्हतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मग आंबेडकरांचं १९३६ चं भाषण वाचा, ते मराठीत सहज मिळतं. जर्मन मंडळी थांबू शकतात. घरातली म्हातारी माणसं थांबणार नाहीत, म्हणून त्यांना आधी विचारा.